सोलापुरात प्लॉटला जाळीचं कुंपण: ठेका देण्याआधी काय पाहावं, काय लिहून घ्यावं

कुंपणाचा भाव विचारला की सोलापुरात कुणीही फुटावर सांगतो. ‘रनिंग फुटाला इतके, मटेरियलसकट.’ मग तिघांचे भाव घ्यायचे आणि कमी सांगणाऱ्याला काम द्यायचं, अशी पद्धत. पण त्या फुटाच्या भावात खड्डा किती खोल, अँगल किती जाड, तार कुठल्या गेजची, यातलं काहीच ठरलेलं नसतं. एक-दोन पावसाळे गेले की खांब कलतात, जाळीला पोट सुटतं, आणि ठेकेदार म्हणतो, ‘त्या भावात तसंच बसतं.’ त्याचं म्हणणं खोटंही नसतं. म्हणून भाव फुटावर विचारायचाच नाही. किलो, गेज, खोली आणि सिमेंटची पोती यांवर बोलायचं.

उदाहरणाला 30 × 50 फुटांचा प्लॉट घेऊ. समोरच्या 30 फुटांत ब्लॉकची भिंत आणि फाटक, उरलेल्या तीन बाजूंना (50 + 30 + 50 = 130 फूट) 5 फूट उंचीची चेनलिंक जाळी. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोडकडच्या नव्या ले-आउटमध्ये बहुतेकांची सुरुवात अशीच होते.

आधी हद्द, मग ठेकेदार

ले-आउटमध्ये रोवलेले दगड बघून दोरी लावू नका. ट्रॅक्टर फिरतो, जेसीबी फिरतो, दगड सरकतात, कधी कुणी उचलून दुसरीकडेही ठेवतो. थोडीही शंका असेल तर भूमि अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा. शेजाऱ्यांना नोटीस जाते, भूकरमापक येऊन खुणा दाखवतो आणि नंतर ‘क’ प्रत (मोजणीचा नकाशा) मिळते. मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा, चारही कोपऱ्यांवर लोखंडी गज ठोका आणि शेजाऱ्यासमोर फोटो काढा. ठेकेदाराचं काम तुम्ही दाखवाल त्या रेषेवर. रेषा चुकली तर तो जबाबदार नाही, आणि असं तो पुढे म्हणणारच.

खांब पूर्ण तुमच्या हद्दीत हवेत, खालच्या काँक्रीटसकट. एक फूट रुंदीचा खड्डा हद्दीच्या रेषेवर मध्यभागी घेतला की सहा इंच काँक्रीट शेजारच्या प्लॉटमध्ये जातं. उद्या तो पाया खोदायला लागला की तुमचा खांब हलणार. कुंपण सामाईक करायचं असेल तर खर्च कुणाचा किती आणि खांब कुणाच्या बाजूला, हे दोघांच्या सहीने कागदावर आणा.

रस्त्याकडच्या भिंतीच्या उंचीला नियम आहे. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे समोरच्या कंपाउंड भिंतीची उंची रस्त्याच्या मध्यरेषेच्या पातळीपासून जास्तीत जास्त 1.5 मीटर, म्हणजे साधारण पाच फूट. वरचा 0.9 मीटर भाग जाळीचा किंवा ग्रीलचा, आरपार दिसणारा असेल तर 2.4 मीटरपर्यंत जाता येतं. कोपऱ्याच्या प्लॉटला दोन रस्ते मिळतात त्या ठिकाणी दोन्ही बाजूंना 10 मीटरपर्यंत बांधीव भिंत 0.75 मीटरच, त्यावर रेलिंग. वळणावर समोरची गाडी दिसावी यासाठी हे आहे. प्लॉटसमोरून डीपी (विकास आराखड्यातला) रस्ता जात असेल किंवा रुंदीकरण असेल तर महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात किंवा परवानाधारक इंजिनिअरकडे विचारूनच समोरची भिंत आखा. मागच्या बाजूची जाळी पुढेमागे काढून हलवता येते, भिंत पाडावी लागते.

महावितरणचा खांब किंवा त्याचा ताणाचा तार तुमच्या रेषेत येत असेल तर जाळी त्याला अजिबात बांधायची नाही. ओल्या दिवसात करंट उतरला तर 130 फूट लोखंडात उतरेल.

एक खड्डा स्वतः खणून बघा

भाव मागवायच्या आधी दोन बिगारी बोलवा आणि मागच्या एका कोपऱ्यात तीन फूट खड्डा घ्या. पुढचा निम्मा खर्च हा खड्डा सांगतो.

फूट-दीड फुटावर पिवळसर, भुसभुशीत पण टणक मुरूम लागला तर उत्तम. दोन फूट खोल खड्डा पुरतो.

तीन फूट गेलं तरी काळी मातीच असेल तर काम वेगळं. काळी माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आटते आणि बोटभर रुंद भेगा पडतात. दरवर्षी हे होतं आणि दरवर्षी खांब थोडा वर उचलला जातो, थोडा कलतो. इथे खड्डा किमान तीन फूट हवा, आणि त्याचा आकार महत्त्वाचा. पहारीने खणलेला खड्डा सहसा वर रुंद आणि खाली निमुळता होतो. असं काँक्रीट फुगलेल्या मातीला धरून वर उचलायला सोपं जातं. खड्डा वरून खालपर्यंत सारखा आणि तळाशी दोन-तीन इंच जास्त पसरट हवा. वरचे काही इंच काँक्रीटभोवती मुरूम ठोकून भरला तर आणखी बरं.

तिसरी शक्यता कातळाची. पहार टणकन वाजली की ब्रेकर लागतो, आणि बिलात ‘दगड लागला’ हे कलम इथूनच घुसतं. एक खड्डा घेतला म्हणजे बाकीचे तसेच निघतील असं नाही. एकाच प्लॉटच्या दोन टोकांत फरक असतो. निदान वेगळा दर आधी ठरवता येतो.

खड्ड्यात विटांचे तुकडे, प्लास्टिक, राख निघाली तर तो भराव. भरावात कितीही काँक्रीट ओता, खालचा थर बसला की खांब बसतो. भरावाखालच्या मूळ जमिनीपर्यंत जावंच लागतं.

जाळी का, प्रीकास्ट का नाही

प्रीकास्ट, म्हणजे आधीच ओतून तयार आणलेल्या स्लॅबचं कंपाउंड दोन दिवसांत उभं राहतं, आडोसा मिळतो, म्हणून लोक घेतात. मुरमात ते चालतं. काळ्या मातीत त्याचे सडपातळ खांब कलले की स्लॅब खाचेतून सुटतात, आणि आडोसा असल्यामुळे वाऱ्याचा पूर्ण मार बसतो. ब्लॉकची भिंत काळ्या मातीत करायचीच असेल तर दर आठ-दहा फुटांवर मुरमापर्यंत कॉलम, वर प्लिंथ बीम, आणि बीमखाली माती फुगायला जागा सोडायची. त्याचा खर्च जाळीच्या कितीतरी पट जातो. रिकाम्या प्लॉटला, जिथे घर दोन-चार वर्षांनी होणार आहे, जाळीच शहाणपणाची: वारा आरपार जातो, खांब थोडा कलला तरी पडत नाही, आणि बांधकामाच्या वेळी एक बाजू सोडून ट्रक आत घेता येतो.

मालाचा हिशोब

हा भाग सावकाश वाचा. ठेकेदाराशी बोलताना यातले आकडेच कामाला येतात.

जाळीचा गेज उलटा असतो: आकडा लहान तितकी तार जाड. 8 गेज म्हणजे 4.06 मिमी, 10 गेज 3.25, 12 गेज 2.64, 14 गेज 2.03. घराच्या प्लॉटला 10 गेज, 2 इंची भोक ही चांगली जाळी. 12 गेज चालेल, 14 गेज नको. मोकाट डुकरं खालून मुसंडी मारतात तिथे 14 गेज लगेच वाकते.

बंडल बहुधा 50 फुटांचं. 5 फूट उंचीचं, 2 इंची भोकाचं, 10 गेजचं बंडल साधारण 61 ते 65 किलो भरतं. 12 गेजचं 40 ते 43. दुकानदार 10 गेज म्हणून देतोय आणि काटा 42 दाखवतोय, तर बहुधा दोनपैकी एक गोष्ट असते: तार 12 गेजची आहे, किंवा तार 10 चीच पण भोक 3 इंची आहे. दोन्हींचं वजन जवळजवळ सारखंच येतं, म्हणून नुसत्या वजनावर विसंबू नका. टेप लावून भोक मोजा आणि तारेला व्हर्निअर (जाडी मोजायचं साधन) लावा. हिरव्या प्लास्टिकच्या कोटिंगची जाळी असेल तर गेज आतल्या तारेचा विचारा. प्लास्टिकसकट 10 आणि आतून 13-14, असा माल सर्रास मिळतो.

खांबाला लोखंडी अँगल 50 × 50 × 5 मिमी. हा मीटरला 3.8 किलो, म्हणजे 7 फुटांचा एक खांब साधारण 8.1 किलो. बाजारात 50 × 50 × 3 मिमीही मिळतो, तो मीटरला 2.3 किलो, तोच 7 फुटी खांब पाच किलोच्या आत. लांबून दोन्ही सारखेच दिसतात. ‘दोन इंची अँगल’ एवढंच कागदावर असेल तर ठेकेदार तुम्हाला तीन मिमीचा देऊ शकतो आणि शब्दही पाळला असं म्हणू शकतो.

आपल्या 130 फुटांना खांब किती? 50 फुटांच्या बाजूला 7 गाळे, म्हणजे दोन खांबांमधली अंतरं (प्रत्येकी साधारण 7 फूट 2 इंच), मागच्या 30 फुटांना 4 गाळे (साडेसात फूट). एकूण 18 गाळे, 19 खांब. आठ फुटांपेक्षा मोठा गाळा घेऊ देऊ नका. मागच्या दोन कोपऱ्यांना प्रत्येकी दोन तिरके टेकू आणि समोरच्या दोन टोकांना एकेक, असे 6 टेकू. ताणलेली जाळी कोपऱ्याचा खांब आतल्या बाजूला ओढते, आणि ती ओढ टेकूच घेतो. ठेकेदार सर्वात आधी टेकूतच काटकसर करतो.

मुरमातलं काम धरून सगळा माल असा:

खांब 19 × 7 फूट, 50 × 50 × 5 अँगल: सुमारे 154 किलो
टेकू 6 × 6 फूट, त्याच मापाचा अँगल: सुमारे 42 किलो
जाळी 5 फुटी, 10 गेज, 2 इंची: 3 बंडल
आडव्या तारा वर-मध्ये-खाली, 8 गेज जीआय (जस्त चढवलेल्या): सुमारे 12 किलो
काँक्रीट 1:2:4 (सिमेंट, वाळू, खडी): सुमारे 47 घनफूट
त्यासाठी सिमेंट साडेआठ पोती, क्रशसँड पाव ब्रासच्या आत (ब्रास म्हणजे 100 घनफूट), पाऊण इंची खडी पाव ते अर्धा ब्रास

खड्डे कधीच आखीव फूटभर निघत नाहीत, म्हणून सिमेंट 10 पोती धरा. काळ्या मातीत तीन फुटांचे खड्डे असतील तर खांब 8 फुटी आणि सिमेंट 13 पोती. ‘सात पोत्यांत होतंय साहेब’ असं कुणी म्हणालं तर खड्डे कमी खोल घेणार हे गृहीत धरा.

वर काटेरी तारेच्या दोन-तीन ओळी हव्या असतील तर अँगल दीड फूट जास्त लांब घेऊन वरचा भाग वाकवावा लागतो. हे ऑर्डर देतानाच सांगा, नंतर वेल्डिंगचा तुकडा लावला की तिथेच गंजतो.

ठेकेदार कुठे, आणि काय विचारायचं

या कामाला दोन तऱ्हेची माणसं मिळतात. एक, जाळी स्वतः विणणारे किंवा विकणारे, त्यांच्याकडे बसवायची टोळीही असते. दुसरे, अक्कलकोट रोड एमआयडीसी किंवा होटगी रोडकडचे फॅब्रिकेटर, जे फाटक-ग्रील करतात आणि कुंपणही घेतात. पहिल्याची जाळी चांगली ताणलेली असते, दुसऱ्याचं वेल्डिंग. समोरची ब्लॉकची भिंत मात्र गवंड्याकडून वेगळी करून घ्या. तिन्ही कामं एकालाच दिली तर तो एक काम दुसऱ्या कुणाला देणारच, आणि त्या दुसऱ्याशी तुमचा काहीच संबंध राहणार नाही.

चालू काम बघायला जाऊ नका. त्याने केलेलं, निदान दोन पावसाळे काढलेलं कुंपण बघा. कोपऱ्याच्या खांबामागे उभं राहून एका डोळ्याने सगळी ओळ बघा. सरळ दिसतेय का? जमिनीलगत अँगल गंजून पातळ झालाय का? जाळी हाताने दाबली तर किती आत जाते?

भाव मागताना वरची मालाची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि तिघांना सारखाच प्रश्न विचारा: अँगल किलोला किती, जाळी किलोला किती, खड्डा आणि काँक्रीट नगाला किती, बसवायची मजुरी फुटाला किती. जीएसटी धरून की सोडून. वाहतूक कुणाची. पाणी कुणाचं. नळाला रोज पाणी न येणाऱ्या भागात हा प्रश्न अजिबात किरकोळ नाही. टँकर कुणी मागवायचा यावरून काम थांबतं.

शक्य असेल तर माल तुम्ही घ्या आणि मजुरी त्याची. मार्जिन गेल्यामुळे काही जण नाही म्हणतात. तरी निदान वजनकाट्याची पावती मागा.

चिठ्ठी

मोठा करारनामा नको. पानभर चिठ्ठी, दोघांच्या सह्या, एकेक प्रत. यात एवढं असावं:

‘खांब 50 × 50 × 5 मिमी अँगल, 19 नग, प्रत्येकी 7 फूट, जमिनीत 2 फूट. टेकू 6, कोपऱ्यांना चार, टोकांना दोन. जाळी 5 फूट, 10 गेज, 2 इंची, जीआय. खड्डा 1 × 1 × 2 फूट, काँक्रीट 1:2:4. आडव्या तारा तीन, 8 गेज. काँक्रीटनंतर सात दिवस जाळी ताणायची नाही. कातळ लागल्यास प्रत्येक खड्ड्यास जादा ____ रुपये, मालकाला खड्डा दाखवून. काम सुरू ____, पूर्ण ____.’

‘मालकाला खड्डा दाखवून’ हे तीन शब्द विसरू नका. कातळ लागल्याचं काँक्रीट ओतल्यानंतर कळवलं जातं.

मापं प्लॉटवरही लिहून ठेवा, शेजारच्या भिंतीवर किंवा फळीवर, मोठ्या आकड्यांत. सोलापुरात ठेकेदार तुमच्याशी मराठीत बोलतो, मुकादमाशी कन्नडमध्ये, आणि मजूर तेलुगू किंवा दखनी हिंदी बोलत असतात. ‘दोन फूट’ या प्रवासात दीड फूट होतो. भिंतीवरचा आकडा सगळ्यांना वाचता येतो.

मुहूर्त बघायचा तर डिसेंबर ते फेब्रुवारी. फक्त संक्रांतीच्या आसपास गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेत मजूर मिळणं अवघड, तो आठवडा सोडून तारीख लिहा. एप्रिल-मेमध्ये काँक्रीट उन्हाने लवकर सुकतं आणि पाणी जास्त मारावं लागतं. ऑगस्ट-सप्टेंबरला काळ्या मातीत खड्डाच उभा राहत नाही.

काम चालू असताना

पहिल्या दिवशी लाइनदोरी आणि खड्डे. काँक्रीटच्या आधी प्रत्येक खड्ड्यात टेप घाला. सुटी माती खाली पडलेली असते, ती काढून मग मोजा. हे एक काम दुसऱ्यावर सोपवू नका.

दुसऱ्या दिवशी खांब. आधी चार टोकांचे खांब, ओळंबा लावून, दोन्ही बाजूंनी. त्यांच्या डोक्यावर दोरी, मग मधले. जमीन उताराची असेल तर डोकी एका रेषेत घ्यायची की उतारासोबत, हे आधी ठरवा. काँक्रीट जमिनीच्या दोन इंच वर आणि खांबापासून बाहेर उतरतं घ्या. जमिनीखाली थांबवलं तर भोवती पाणी साचतं आणि अँगल नेमका तिथेच, मातीच्या पातळीला, गंजतो. साधा अँगल असेल तर रेड ऑक्साइड खांब पुरण्याआधी, तोही पुरल्या जाणाऱ्या भागापासून वर फूटभर, रंगाचे दोन हात मारून. उभं केल्यावर ब्रश खाली पोचत नाही.

कधी कधी दगड-माती ठोकून खांब उभा करून ‘वरून काँक्रीट ओततो’ असं सांगतात. वरचं सहा इंच काँक्रीट म्हणजे खांबाला घातलेली टोपी. नाही म्हणा.

मग सात दिवस पाणी. टोळीला दुसरं काम असतं, त्यांना तिसऱ्याच दिवशी जाळी लावून मोकळं व्हायचं असतं. ओल्या काँक्रीटवर जाळी ताणली की कोपऱ्याचे खांब आत झुकतात आणि नंतर कुणालाही सरळ करता येत नाहीत.

जाळी हाताने ओढून लावू देऊ नका, चेनपुली किंवा रॅचेटने ताणायला लावा. पण किती? ताणणाऱ्याने जास्त जोर काढला तर भोकं आडवी ओढली जातात, जाळीची उंची कमी होते आणि 130 फुटांना सव्वादोनच बंडलं लागतात. उरलेलं पाऊण बंडल ठेकेदाराच्या टेम्पोत. 2 इंची चौकोनी भोकाचा कर्ण दोन्ही बाजूंनी सुमारे 2.8 इंच असतो. आडवा 3.3 आणि उभा 2.3 झाला तर जाळी वाजवीपेक्षा जास्त ओढली आहे.

दोन बंडलांचा जोड टोकाची तार फिरवत विणून घ्यायचा, बांधून नाही. जाळी आडव्या तारांना फुटाफुटावर बांधायची, जीआय तारेने. सेंट्रिंगची काळी बाइंडिंग तार वापरली तर लवकरच गंजून तुटते आणि जाळी लोंबते. खांबाला जाळी वेल्ड करणं सोपं, पण वेल्डिंगने जस्ताचा थर जळतो. अँगलला तीन भोकं पाडून तार ओवणं बरं.

खालची कड जमिनीपासून दोन इंचांच्या आत. कुत्री-डुकरांचा त्रास असेल तर खाली सहा इंची काँक्रीटची पट्टी किंवा उभ्या लावलेल्या शहाबादी फरशीच्या तुकड्यांची ओळ घ्या. फरशी इथे स्वस्तात मिळते आणि जाळीखालची माती वाहूनही जात नाही.

फाटक

फाटक अँगलवर लटकवू नका. 10 फुटांच्या दोन पल्ल्यांच्या फाटकाला 9 × 9 इंची आरसीसी कॉलम, चार 12 मिमी गज, मुरमापर्यंत पाया. पल्ले आत उघडणारे. आतली जमीन चढती असेल तर पल्ला घासतो, म्हणून फाटकाचं माप समोरचा भराव झाल्यावर द्या.

पैसे

उचल म्हणून मालाच्या किमतीएवढे, माल प्लॉटवर उतरून वजन झाल्यावर. काँक्रीट झाल्यावर दुसरा हप्ता. जाळी बसल्यावर तिसरा. दहा टक्के एका पावसाळ्यासाठी मागे ठेवायचे, आणि हे चिठ्ठीत पहिल्या दिवशीच लिहायचं. काम संपताना काढलेला हा विषय भांडणात जातो.

सप्टेंबरचा जोरदार पाऊस होऊन गेल्यावर, जमीन वाफशावर आली की ठेकेदाराला बोलवा. प्रत्येक खांबाला ओळंबा लावा, हाताने हलवून बघा, काँक्रीटभोवती गोल भेग पडली आहे का ते पाहा. भेग असेल तर माती ठोकून नाही, मुरूम भरून बुजवायला लावा. कोपऱ्याचे खांब, टेकू आणि फाटकाची बिजागरं जागेवर असतील तर उरलेले दहा टक्के त्याच दिवशी देऊन टाका.